कियांगानचीं खाचरें व त्यांचें वय

इतिहास शिकविण्याचा धंदा पत्करलेल्या माणसास एक खोड हटकून जडते. कोणत्याहि वस्तूची थोरवी तो तिच्या वयावरून मोजूं लागतो. देऊळ असो, नाणें असो वा पोथी असो. ती वस्तु दोनशें वर्षांची आहे असें कळलें कीं त्याचा उत्साह मावळतो, आणि दोन हजार वर्षांची आहे असें कळलें कीं तो सरसावून बसतो. ही खोड आम्हांसहि आहे. फिलिपाईन बेटांतील एका लहानशा डोंगरी गांवानें ती चूक आमच्या पदरांत घातली, म्हणून त्या गांवाची हकीकत वाचकांस सादर करण्याचें योजिलें आहे.

आशियाच्या इतिहासावर वर्गांत बोलतांना आम्ही कित्येक वर्षें असें सांगत आलों कीं, लूझॉन बेटाच्या डोंगरांत राहणाऱ्या इफुगाव लोकांनीं दोन हजार वर्षांपूर्वीं कडे फोडून भाताचीं खाचरें रचलीं व तीं आजहि पिकत आहेत. हें वाक्य आमच्या जुन्या टिपणांत होतें, मान्य ग्रंथांत होतें, आणि जागतिक संस्थांच्या पत्रकांतहि होतें. पुढें नव्या उत्खननांचे वृत्तांत वाचनांत आले आणि 'दोन हजार' ह्या शब्दांवर काट मारून 'सुमारें चारशें' असें लिहिणें आम्हांस भाग पडलें. त्या वर्षीं ही दुरुस्ती वर्गांत सांगतांच एका विद्यार्थ्यानें विचारलें, "मग त्यांत विशेष तें काय राहिलें?" त्या वेळीं दिलेल्या उत्तरानें आमचेंच समाधान झालें नाहीं. प्रस्तुत लेख हें त्याच प्रश्नाचें सावकाशीनें दिलेलें उत्तर आहे.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेऊं. फिलिपाईन बेटांचा नकाशा पुढें घेतला असतां उत्तरेस लूझॉन हें सर्वांत मोठें बेट दिसतें. मनिला शहर ह्याच बेटावर आहे. तेथून उत्तरेस सुमारें २०० मैल गेलें म्हणजे कॉर्डिलेरा पर्वताच्या पूर्व उतरणीवर इफुगाव प्रांत लागतो. त्याच्या नैर्ऋत्येस लूझॉनमधील सर्वांत उंच असें पुलाग शिखर सुमारें ९,६०० फूट उभें आहे. प्रांताच्या दक्षिण भागांत कियांगान हें गांव आहे. प्रांतांतील सर्वांत जुनें गांव म्हणून त्याचा मान आहे. आसपासच्या वाड्या धरून त्याची वस्ती २०२० सालच्या खानेसुमारींत सुमारें १७,००० भरली. येथील ओढ्यांचें पाणी इबुलाव नदींत उतरतें. इबुलाव मागात नदीकडे जाते, मागात कागायान नदीस मिळते, आणि कागायान उत्तरेकडे वाहत जाऊन समुद्रांत शिरते. ही नद्यांची सांखळी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. डोंगराचें पाणी ज्या खोऱ्यांतून खालीं गेलें, त्याच खोऱ्यांतून परचक्र वर आलें.

ह्या मुलुखांत निसर्गानें सपाट जागा जवळजवळ दिलीच नाहीं. ती माणसांनीं केली. उतारास आडवे गडगे घातले, कोठें दगडांचे तर कोठें नुसत्या मातीचे. त्यांच्या मागें माती भरून ती सारखी केली, आणि पाट फिरवून तींत पाणी कोंडलें. असें एक खाचर, त्याच्या माथ्यावर दुसरें, त्याच्याहि वर तिसरें, अशी ही पायऱ्यांची रांग दरीच्या तळापासून अरण्याच्या कडेपर्यंत चढत जाते. कोंकणांतील किंवा मावळांतील वाचकांस खाचर ही वस्तु नवी नाहीं. परंतु डोंगरच्या डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत खाचरांनीं मढवावा, हें आपल्याकडे पाहावयास मिळत नाहीं.

पाहणाऱ्याची नजर खाचरांवर खिळते. पण सारी मदार असते ती त्यांच्या वरच्या रानावर. इफुगाव कुटुंब आपल्या खाचरांच्या माथ्यावर रानाचा एक पट्टा राखून ठेवतें. त्यास 'मुयोंग' म्हणतात. सरपण व घराचें लांकूड ह्या रानांतून मिळतें. आणि मुख्य म्हणजे पावसाचें पाणी तें धरून ठेवतें व झऱ्यांवाटे सावकाश खालीं सोडतें. रान तुटलें कीं झरा आटतो. झरा आटला कीं खाचर भेगाळतें. भेगाळलेला बांध पुढच्या पावसांत ढासळतो, आणि त्याच्या भाराखालीं खालचींहि खाचरें गाडलीं जातात. एका घरच्या आळसाचा दंड खालच्या दहा घरांस भरावा लागतो. येथील जुन्या वाणाच्या भाताचें पीक वर्षांतून एकदांच येतें, म्हणून त्यास 'तिनावोन', म्हणजे सालाचें पीक, असें नांव आहे. पीक घरीं आलें तरी गडग्यांची डागडुजी संपत नाहीं. घरें चार खांबांवर उंच उभीं असतात व उंदरांनीं वर चढूं नये म्हणून प्रत्येक खांबास लांकडाची जाड चकती बसविलेली असते. कोठाराच्या रक्षणास 'बुलुल' नांवाच्या लांकडी मूर्ति बसवितात.

एवढें बांधकाम पाहून बाहेरच्या माणसास साहजिकच वाटतें कीं, ह्या लोकांवर एखादा बलाढ्य राजा असला पाहिजे. तसा राजा येथें कधींच नव्हता. रॉय बार्टन ह्या अमेरिकन गृहस्थानें ह्या शतकामागील शतकाच्या आरंभीं, १९०८ पासून सुमारें आठ वर्षें, कियांगान भागांत शिक्षकाचें काम केलें आणि १९१९ सालीं इफुगावांच्या कायद्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें दाखविलें कीं, राजा नाहीं, न्यायाधीश नाहीं, शिपाई नाहीं. तरीहि ह्या समाजांत जमीन, पाणी, विवाह, कर्ज व खून ह्यांविषयींचे नियम अत्यंत बारकाईनें ठरलेले आहेत. तंटा झाला म्हणजे 'मोंकालुन' नांवाचा मध्यस्थ दोन्ही घरांकडे खेपा घालतो, कधीं समजावून तर कधीं दरडावून तडजोड घडवून आणतो. दंडाची रक्कमहि माणसाच्या ऐपतीप्रमाणें ठरे. 'कादांग्यान' म्हणजे श्रीमंत वर्गांतील माणसास ती सर्वांत अधिक पडे. ज्यांची न्यायसभा आम्ही रानटी म्हणून हिणविली असती, त्यांनीं एवढा विवेक ठेवला होता ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

आतां वयाच्या प्रश्नाकडे वळूं. इफुगावांच्या स्वतःच्या कथांत ह्या प्रश्नास एक उत्तर आहे. एका महापुरांत सारी मनुष्यजात बुडाली. विगान हा भाऊ आमुयाव पर्वतावर व बुगान ही बहीण कालाविटान पर्वतावर अशीं दोघेंच वांचलीं, आणि त्यांच्यापासून पुढची मानवजात झाली. ही कथा वाचतांना मनूची नौका आठवल्यावांचून राहत नाहीं. कियांगान हें मूळ वसतिस्थान, असेंहि इफुगाव परंपरा मानते. परंतु कथेंत वर्षें मोजलेलीं नसतात. तीं मोजण्याची हौस विद्वानांची.

ही हौस प्रथम अमेरिकन पंडितांनीं भागविली. हेन्री ओटली बेयर हे तरुणपणीं शिक्षक म्हणून इफुगावांत गेले, तेथील मुलीशींच त्यांनीं विवाह केला, आणि पुढें मनिला येथील विद्यापीठांत ते मानववंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. एवढे गडगे एवढ्या थोड्या माणसांनीं साध्या हत्यारांनीं रचावयाचे म्हणजे किती काळ लागेल, असा हिशेब करून त्यांनीं खाचरांचें वय दोन ते तीन हजार वर्षें ठरविलें. बार्टनचें मतहि साधारण असेंच होतें. हा हिशेब तर्काचा होता, खणून पाहिलेला नव्हता. पण तो शाळेच्या पुस्तकांत गेला, प्रवाशांच्या माहितीपत्रकांत गेला, आणि १९९५ सालीं युनेस्कोनें कॉर्डिलेरांतील खाचरांचे पांच समूह जागतिक वारशांत घेतले तेव्हां त्या वर्णनांतहि गेला. त्या पांचांपैकीं नागाकादान हा समूह कियांगानच्या हद्दींत आहे.

ह्या मतास शंका घेणारा आवाज नव्हता असें नाहीं. फेलिक्स कीसिंग ह्यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत स्पॅनिश दप्तरांच्या आधारें असें सुचविलें होतें कीं, खोऱ्यांतील लोक स्पॅनिशांच्या जाचास कंटाळून डोंगरांत चढले व खाचरें त्यानंतरचीं असावींत. पुरावा मात्र जमिनींतूनच यावयास हवा होता. तो स्टीफन अकाबाडो ह्या फिलिपिनो पुरातत्त्वज्ञानें पुढें आणला. त्यांनीं प्रथम बानावे भागांतील गडग्यांखालचा कोळसा तपासून २००९ सालीं आपले निष्कर्ष मांडले; पुढें इफुगावांच्याच एका संस्थेच्या व राष्ट्रीय संग्रहालयाच्या सहकार्यानें जुन्या कियांगानची जागा खणण्यास आरंभ झाला. तेथें वस्तीच्या खुणा सुमारें एक हजार वर्षें मागें जातात. मडक्यांत पुरलेलीं अर्भकें सांपडलीं, बाहेरून आलेलीं चिनी मातीचीं भांडीं व मणी सांपडले. परंतु जुन्या थरांत पाण्यांत पिकविलेल्या भाताचा मागमूस नाहीं; तेथील लोकांचें मुख्य अन्न अळकुड्या असें दिसतें. भात येतो तो सतराव्या शतकाच्या सुमारास, आणि आला तो झपाट्यानें पसरला. बाहेरून येणाऱ्या मौल्यवान वस्तूहि कमी न होतां त्याच काळांत वाढल्या. वाद अगदींच मिटला असें म्हणतां येत नाहीं. कांहीं खाचरें अधिक जुनीं असतील असें मानणारे अभ्यासक आहेत. तथापि पुराव्याचें पारडें आतां ह्या बाजूस झुकलें आहे, हें प्रामाणिक माणसानें मान्य केलें पाहिजे.

मग सतराव्या शतकांतच असें काय घडलें? येथें त्या नद्यांच्या सांखळीकडे पुन्हां पाहावें. स्पॅनिशांनीं १५७१ सालीं मनिला आपली राजधानी केली. वीसच वर्षांनीं, १५९१ सालीं, लुईस पेरेझ दासमारिन्यास ह्याची मोहीम मागातच्या खोऱ्यांत शिरली. सतराव्या शतकाच्या आरंभीं कॉर्डिलेराच्या पश्चिम बाजूस सोन्याच्या खाणींच्या लोभानें पलटणी चढल्या व हात हालवीत परतल्या. सैनिकांमागून पाद्री आले. खोऱ्यांतील विखुरलेल्या वस्त्या मोडून देवळाभोंवतीं गांवठाण वसवावें, लोकांस बाप्तिस्मा द्यावा, खंडणी व वेठ घ्यावी, अशी त्यांची रीत होती. ज्यांस हें नको होतें त्यांस वर डोंगर मोकळा होता. पण पळून जाणाऱ्या माणसांस डोंगर आसरा देतो, पोटाला देत नाहीं. अळकुड्यांवर एखादी वाडी जगेल. दाट वस्ती जगत नाहीं, आणि वस्ती दाट व संघटित नसेल तर पलटणीपुढें टिकाव लागत नाहीं. भाताच्या खाचरानें हा प्रश्न सोडविला. खाचर एकट्यानें रचतां येत नाहीं, एकट्यानें लावतां येत नाहीं, आणि एकट्याचें पाणी अडवून चालत नाहीं. लावणी, कापणी, यज्ञबलि, जेवणावळी ह्यांनीं डोंगरांतील घरें एकमेकांस बांधलीं गेलीं. अकाबाडो प्रभृतींचा अर्थ थोडक्यांत असा कीं, खाचरें ही त्या समाजाची तटबंदी होती.

ह्या तटबंदीचा गुण तीनशें वर्षें दिसून आला. १८२९ पासून दहा वर्षें गियेर्मो गाल्वे ह्या स्पॅनिश सेनानीनें कॉर्डिलेरांत मोहिमांवर मोहिमा काढल्या; सरकारी मक्त्याचा तंबाखू डोंगरांतून चोरून विकला जातो हें एक निमित्त होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हुआन विल्यावेर्दे ह्या डोमिनिकन पाद्र्यानें ह्या भागांत चिकाटीनें काम केलें, रस्ते आंखले. त्याच शतकाच्या अखेरीस कियांगान येथें स्पॅनिश लष्करी ठाणेंहि बसलें. पण ठाणें बसणें निराळें व सत्ता रुजणें निराळें. १८९८ सालीं स्पेननें हीं बेटें अमेरिकेच्या हवालीं केलीं तेव्हांहि इफुगावांचे बहुतेक लोक आपल्या देवांस व आपल्याच कायद्यास मानून राहत होते.

अमेरिकनांनीं बंदुकीबरोबर शाळा आणली. १९०४ सालीं सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनांत कॉर्डिलेरांतील डोंगरी माणसें तिकीट लावून दाखविण्यांत आलीं. आणि चारच वर्षांनीं, १९०८ सालीं, 'डोंगरी प्रांत' निर्माण होऊन इफुगाव उपप्रांताचें ठाणें कियांगान येथें बसलें. एकाच राज्यानें माणसास एकदां प्रदर्शनांत उभें करावें व एकदां प्रजाजन म्हणावें, ह्यांतील विसंगति त्या काळच्या राज्यकर्त्यांस जाणवली नाहीं. पुढें १९६६ सालीं इफुगाव हा स्वतंत्र प्रांत झाला, आणि त्याची राजधानी शेजारच्या लागावे गांवीं गेली. कियांगानकडे वडीलपणाचा मान तेवढा राहिला.

मध्यंतरीं एक प्रसंग असा घडला कीं ह्या गांवाचें नांव साऱ्या जगाच्या तारायंत्रांतून गेलें. जपानी सेनापति तोमोयुकी यामाशिता हें नांव हिंदी वाचकांस अपरिचित नाहीं. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर त्यानेंच घेतलें. त्यानंतर दोन दिवसांनीं तेथील फॅरर पार्कवर हजारों हिंदी शिपाई जपान्यांच्या स्वाधीन करण्यांत आले व त्यांतूनच आझाद हिंद फौजेची पहिली उभारणी झाली. तोच यामाशिता १९४५ सालीं अमेरिकन फौजांपुढें माघार घेत लूझॉनच्या डोंगरांत चढला. इफुगावांचे डोंगर हा त्याचा शेवटचा आसरा ठरला. उपाशी सैन्यानें डोंगरांतील धान्य व जनावरें खाल्लीं. आकाशांतून अमेरिकन बाँब पडत होते. जो आसरा इफुगावांनीं पिढ्यान् पिढ्या घामानें बांधला, तो परक्याच्या पराभवाची जागा झाला, आणि त्याची किंमत मात्र घरधन्यानें दिली. २ सप्टेंबर १९४५ रोजीं, टोकियोच्या उपसागरांत जपान शरणपत्रावर सही करीत होता त्याच दिवशीं, यामाशिता डोंगरांतून उतरून कियांगान येथें अमेरिकनांच्या स्वाधीन झाला. ती जागा म्हणजे एका शाळेची इमारत होती. दुसऱ्या दिवशीं बागियो येथें शरणपत्रावर सह्या झाल्या. पुढें मनिला येथें त्याच्यावर खटला झाला, आणि २३ फेब्रुवारी १९४६ रोजीं त्यास फांशीं देण्यांत आलें. हाताखालच्या सैन्याच्या अत्याचारांस सेनापति कितपत जबाबदार, हा कायद्यांतील प्रश्न त्या खटल्यानें कायमचा उभा केला. कियांगान येथें त्या शरणागतीचें स्मारक आहे.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. खाचरें दोन हजार वर्षांचीं नसलीं तर त्यांत विशेष तें काय? आमचें उत्तर असें कीं, विशेष होतें तें आतांच दिसूं लागलें. दोन हजार वर्षांच्या कथेंत इफुगाव हा इतिहासाबाहेरचा माणूस होता. त्याच्या पूर्वजांनीं कोणे एके काळीं कांहीं केलें, आणि तो तें न बदलतां, न विचार करतां चालवीत आला. जग धांवत होतें व तो उभा होता. ही स्तुति दिसते खरी, पण प्रदर्शनांत माणूस उभा करणाऱ्यांच्या नजरेहून ती फारशी निराळी नाहीं. चारशें वर्षांच्या हकीकतींत तोच माणूस आपल्या काळांतील सर्वांत मोठ्या साम्राज्यांपैकीं एकास ओळखून असलेला, त्यास नकार देणारा, त्यासाठीं आपलें अन्न व आपली वस्ती बदलणारा असा दिसतो. वयाची सोळाशें वर्षें गेलीं. पण त्यांच्या बदल्यांत बुद्धि, निश्चय आणि घाई हाताला लागली. एवढे डोंगर थोडक्या पिढ्यांत रचले गेले असतील, तर रचणाऱ्यांचें कर्तृत्व वाढलें कीं घटलें?

ह्यांत व्यवहाराचाहि एक धडा आहे. २००१ सालीं युनेस्कोनें हीं खाचरें धोक्यांतील वारशांच्या यादींत घातलीं व २०१२ सालीं यादींतून काढलीं. धोका भूकंपाचा किंवा शत्रूचा नव्हता. तरुण मंडळी शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं खालीं उतरतात. एकपिकी भातावर घर चालत नाहीं. ढासळलेला गडगा उचलण्यास माणसें मिळत नाहींत. ज्या लोकांस आपण 'दोन हजार वर्षें हें चाललें आहे' असें सांगतों, त्यांस नकळत असेंहि सांगतों कीं, तें आपोआप चालेल. खरी गोष्ट अशी कीं, तें कधींहि आपोआप चाललें नाहीं. तें ठरवून सुरू झालें, आणि दरसाल ठरवूनच चालूं राहतें.

इफुगाव स्त्रिया लावणी-कापणीच्या वेळीं व मृताच्या जागरणांत 'हुडहुड' नांवाचीं दीर्घ कथागीतें गातात. एक संपूर्ण गीत म्हणावयास कित्येक दिवस लागूं शकतात. त्यांतील एक नायक अलिगुयोन. तो पुम्बाखायोन ह्या तुल्यबळ शत्रूशीं वर्षानुवर्षें लढतो. कोणीहि हरत नाहीं. अखेर दोघे भाले खालीं ठेवतात, एकमेकांच्या बहिणींशीं विवाह करतात, आणि दोन गांवें सोयरीं होतात. खोऱ्यांतून चढलेल्या नवख्या घरांस व जुन्या डोंगरकऱ्यांस एका पाटाचें पाणी वांटून घेतांना अशा कथेचा किती आधार वाटला असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमच्या टिपणांतील 'दोन हजार' हे शब्द काटेखालीं अजून वाचतां येतात. ते खरवडून काढावे असें आम्हांस वाटत नाहीं. पुढच्या वर्षीं त्या पानाशीं आलों म्हणजे ती काट विद्यार्थ्यांस दाखवावी आणि धडा तेथूनच सुरू करावा, असें आम्हीं ठरविलें आहे.